शेरा : निरोगी

मोह टपकायला लागला की मला घरात बसवत नाही. नागभीडला आमच्या घरामागे धानाच्या बांध्या संपतात तिथे मोहाची तीन झाडं आहेत. मार्चमध्ये बाया त्यांच्याखालचा पाचोळा जाळून जमीन काळी करून ठेवतात, म्हणजे पडलेलं फूल नजरेला लगेच लागतं. सकाळी त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं विखुरलेली असतात आणि वाऱ्याबरोबर एक गोड, जड वास खिडकीतून आत येतो. सून म्हणते, "बाबा, या दिवसांत तुमचं जेवणच जात नाही." मी म्हणतो, "ऊन वाढलं ना." ती पंख्याची गती वाढवते. इतकी वर्षं हेच चाललं आहे. आधी माझी बायको विचारायची, मी हेच उत्तर द्यायचो.

लोकांना या वासानं जंगल आठवतं, माहेर आठवतं. मला मुरमाचं मैदान आठवतं. त्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेली पळण्याची गोल वाट, कडेला कडुनिंबाखाली सरांची लोखंडी खुर्ची, आणि माझ्या गळ्यात शिट्टी.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं ते वर्ष. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला आम्ही चाळीस जण होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सरांचंही नाही. सर वारले आहेत, आणि मला जे सांगायचं आहे त्यात दोष त्यांचा नाही. पूर्वीच्या धान-गोदामात आमचं वसतिगृह होतं. डोक्यावर टिनाचे पत्रे, खाली ओळीनं सतरंज्या. पहाटे पाचला शिट्टी व्हायची आणि पांढरं बनियान, खाकी अर्धी चड्डी घालून आम्ही मैदानावर उभे राहायचो. बल्लारपूरच्या पेपरमिल कॉलनीतल्या पोरांच्या पायात कॅनव्हासचे बूट असत. आम्ही धानपट्ट्यातले बरेचसे अनवाणी.

माझ्या शेजारची सतरंजी सोमाजीची. मुलचेऱ्याच्याही पुढे, जंगलात त्याचं गाव. गोंडाच्या घरातला, आश्रमशाळेत शिकून वर आलेला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सडपातळ. हसताना तोंडावर हात ठेवायची त्याला सवय होती. शिट्टी न घेता दोन बोटं जिभेखाली घालून तो अशी शीळ मारायचा की मैदानापलीकडच्या म्हशी माना वर करायच्या. पळण्यात तो कधी पहिल्या दहांत नसायचा. पण आसपासची लहान मुलं त्याच्याभोवती जमायची, तशी आमच्यापैकी कुणाभोवतीही जमत नसत.

डिसेंबरात सराव-पाठ सुरू झाले. जवळच्या आश्रमशाळेच्या पटांगणात आम्ही पाळीपाळीनं शिकवायचं आणि सरांनी आमच्या पाठाची टाचण-वही मांडीवर घेऊन दहापैकी गुण द्यायचे. माझा पाठ झाला. मुलं रांगेत उभी राहिली, हात वर झाले, खाली झाले, कुणी हूं की चूं केलं नाही. सरांनी आठ गुण दिले. मग सोमाजीचा. विषय होता तोल सांभाळणे. त्यानं जमिनीवर चुन्याची एक रेघ मारली आणि मुलांना गोंडीत काहीतरी सांगितलं. झालं! रेघ म्हणजे नाल्यावर पडलेलं लाकूड झालं. मुलं जीव मुठीत धरून त्यावरून चालू लागली. घसरलेला पोरगा "बुडलो!" म्हणून लोळण घ्यायचा आणि बाकीची त्याला ओढून काढायची.

सर म्हणाले, "हे टाचणात कुठे आहे?"

"टाचणात नाई सर," सोमाजी म्हणाला, "नाल्यात हाये."

सरही हसले. गुण मात्र सहाच दिले. परतताना मी त्याला चिडवलं, "दोन गुण नाल्यात वाहून गेले बे तुझे."

"जाऊ दे," तो म्हणाला. "पोट्टे त् वाचले ना."

आज विचार करतो तेव्हा वाटतं, आम्हा चाळीस जणांत जन्मजात गुरुजी तो एकटाच होता. बाकीचे आम्ही नोकरीसाठी आलो होतो.

आरोग्यशिक्षणाचा भाग जानेवारीत आला. शाळेत मुलांची तपासणी कशी करायची, कार्ड कसं भरायचं हे शिकायचं होतं. उंची, वजन, दात, नखं, त्वचा, डोळे, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सरावासाठी आम्ही एकमेकांचीच कार्डं भरायची आणि ती आमच्या फायलीला लागायची. सोमाजीचं कार्ड माझ्याकडे आलं. गोदामाच्या दारात, उजेडाकडे तोंड करून मी त्याला बसवलं आणि पुस्तकात दिल्याप्रमाणे खालची पापणी अंगठ्यानं ओढली. आतली बाजू लाल असायला हवी. त्याची पांढुरकी होती. आणि डोळ्याच्या पांढऱ्यात हळदीचं पाणी उतरल्यासारखा पिवळेपणा.

"का दिसते?" त्यानं विचारलं.

"पिवळं दिसते लेका. सरले सांगा लागन."

त्यानं माझं मनगट धरलं. "नको सांगू, भाऊ. मांगच्या साली एकाले दम्यापायी घरी पाठवलं म्हणते. मले घरी जाता येत नाई. गावात आतापासूनच मले गुरुजी म्हणून राह्यले."

"अन् धावता धावता पडला तं?"

"पडलो त् उचलजो. तू कायले हायेस मंग?"

तो हसला. मीही हसलो, आणि शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं : निरोगी. दोस्ती म्हणून लिहिलं. आयुष्यात मी दोस्तीखातर केलेलं सगळ्यात मोठं काम तेच असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

थंडीच्या सकाळी त्याचे सांधे धरायचे. गुडघे, मनगटं, कधी पाठीचा कणा. सुजायचे. शिट्टी झाली तरी तो उठायचा नाही, चादरीचा कोपरा दातांत धरून पडून राहायचा. त्याच्याकडे मोहाच्या बियांचं तेल बाटलीत असायचं, टोळीचं तेल म्हणतात ते. पहिल्यांदा मी ते त्याच्या गुडघ्यांना चोळून दिलं. मग मैदानावर गेलो. मी गटनायक होतो, सकाळच्या कवायतीची हजेरी माझ्याकडे असायची. गैरहजर असणाऱ्याच्या पुढे कारण लिहावं लागे. आदल्या दिवशीच मी त्याला विचारून ठेवलं होतं, "उद्या नाई आला तं का लिवू?" आजारी लिहिलं की सर कार्ड काढणार, डॉक्टरला दाखवणार, आणि कार्डावर तर माझ्या अक्षरात निरोगी.

"आळस लिव," तोच म्हणाला. "आळसापायी कोणाले घरी पाठवत नाई."

मी तसंच लिहिलं, आळस. संध्याकाळी दोघेही त्यावर पोट धरून हसलो.

दुसऱ्यांदा हसलो नाही. तिसऱ्यांदा मी त्याला विचारलंही नाही. आणि मग जे झालं ते मला अजून कुणाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. एकच शब्द स्वतःच्या हातानं एकाच नावापुढे पुन्हा पुन्हा लिहीत गेलो, आणि कधीतरी फेब्रुवारीत मला तो खराच वाटायला लागला. आम्ही थंडीत कुडकुडत दंड-बैठका काढायच्या आणि यानं चादरीत झोपायचं! तेलाची बाटली त्यानं पुढे केली तर मी तोंड फिरवायला लागलो. एका सकाळी सगळ्यांसमोर मी त्याची चादर ओढली आणि म्हणालो, "उठ बे आळशा, नाटकं पुरे झाले तुझे."

बल्लारपूरची पोरं हसली. सोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून तोही हसला. त्या हातामागे काय होतं ते मला दिसलं नाही. खरं म्हणजे मी पाहिलं नाही.

मार्च संपत आला, प्रात्यक्षिक परीक्षा आठवड्यावर आली. पळस झडून गेला होता, मोह टपकायला लागला होता. सकाळी कवायतीला उभं राहिलं की मैदानाच्या कडेनं टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया दिसायच्या. कमी हजेरीवाल्यांची यादी लागली. आजारपणाची नोंद असलेल्यांना सूट होती. आळसाला भरपाई होती, मैदानाच्या वीस चकरा, एका दमात. यादीतलं शेवटचं नाव सोमाजीचं.

अजूनही मी सरांकडे जाऊ शकलो असतो. गोदामापासून कार्यालय किती लांब होतं? पन्नास पावलं. मी गेलो नाही. परीक्षा तोंडावर होती आणि खोटं कार्ड भरणाऱ्या गटनायकाला परीक्षेला बसू देतील की नाही, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

चकरा मोजायचं काम माझ्याकडेच आलं. सकाळचे नऊ वाजले होते आणि मुरूम तापायला लागला होता. सोमाजी पळत होता. पाटीवर मी रेघा मारत होतो. पाच. दहा. बाराव्या चकरेनंतर त्याचा पाय ओढला जायला लागला. चौदाव्या चकरेला तो माझ्यासमोर येऊन जागच्या जागी पाय हलवत म्हणाला, "भाऊ, पाणी."

आम्हाला शिकवलं होतं की पळताना पाणी पिऊ नये, पोटात गोळा येतो. तेव्हा सगळीकडे तसंच शिकवत. मी पाठांतराचा पक्का विद्यार्थी. म्हटलं, "सहाच राह्यल्या. संपव, मंग पी."

तो गेला. मी पाटीवर पंधरावी रेघ मारली. सतराव्या चकरेत, माझ्यापासून सगळ्यात लांबच्या वळणावर, तो बसला. पडला नाही, बसला, नाल्याकाठी पाय सोडून बसावं तसा. आणि मग आडवा झाला. मी पळत गेलो. त्याला उचललं. इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं. लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत तो गेला. वाटेत मी त्याच्या ओठाला पाणी लावत होतो, ते गालावरून ओघळून जात होतं.

दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात बोलावलं. टेबलावर कार्ड होतं. सरांचा चेहरा रात्रभरात म्हातारा झाला होता. ते रागावले नाहीत. साधं विचारलं, "हे अक्षर तुझं ना? निरोगी लिहिलंयस. मग धडधाकट पोरगा असा गेला कसा?"

खिडकीतून मोहाचा वास येत होता. मी म्हणालो, "सर, तो सकाळी मोहाची दारू पिऊन आला होता."

हे मला कुणी सुचवलं नव्हतं. कुणी धाक घातला नव्हता. माझ्याच तोंडून, माझ्याच बुद्धीनं ते निघालं. आणि मला सगळ्यात जास्त जे बोचतं ते हे की कुणीही दुसरा प्रश्न विचारला नाही. मोहाचा हंगाम होता आणि मेलेला पोरगा गोंडाचा होता, एवढं पुरलं. सर म्हणाले, "लिहून दे." मी तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली. तो कागद त्याच्या सामानाबरोबर गावी गेला, आणि तिथे कुणा वाचता येणाऱ्यानं तो अंगणात मोठ्यानं वाचून दाखवला. हे मला फार पुढे कळलं.

आता स्वच्छ लिहितो. सोमाजी दारू पीत नव्हता. त्या दिवशी नाही आणि कधीच नाही. "मोह घेतला का हाडं बोंबलते माही," असं तो म्हणायचा. पोरांनी किती आग्रह केला तरी पेल्याला हात लावायचा नाही. हे मला पक्कं माहीत होतं.

परीक्षेत मी प्रथम श्रेणीत आलो. नोकरी लागली. तेहतीस वर्षं शिट्टी वाजवली. मधल्या एका वर्षी आमच्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं. तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा शिक्षकांना बसवून सिकलसेल म्हणजे काय ते समजावलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, म्हणाल्या. आपल्या या दोन जिल्ह्यांत घरोघर सापडेल. डोळे पिवळे दिसतात, थंडीत सांधे धरतात. पाणी भरपूर प्यायला द्या, दमेपर्यंत पळवू नका. शेवटी म्हणाल्या, "आणि सर, ही मुलं आळशी नसतात." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, कारण मी खेळाचा मास्तर. मी मान डोलावली आणि क्रीडासाहित्याच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

त्यानंतर माझ्या वर्गात पळता पळता पाणी मागणाऱ्या कुणालाही मी कधी थांबवलं नाही. लोक म्हणायचे, सर मऊ आहेत.

एवढं कळल्यावर तरी त्याच्या गावी जायला हवं होतं. गेलो नाही. मुलांची शिक्षणं, बदल्या, बायकोचं आजारपण, कारणं लिहायला मी तरबेज होतो. शेवटी गेल्या वर्षी, याच दिवसांत, निघालो. मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांमधून एसटी जाते. दाराशी तळी, वाळत घातलेली जाळी, आणि मग एकदम जंगल. सोमाजीचं घर विचारलं तर एका म्हाताऱ्यानं काठीनं दाखवलं, "तो मास्तर होऊन राह्यला होता तो का?"

त्याची माय जिवंत होती. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू. मी सोमाजीबरोबर शिकायला होतो एवढंच सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, गाल, हनुवटी. "तूबी म्हातारा झाला रे बाबू," म्हणाली, जणू सोमाजीही कुठेतरी म्हातारा झाला असावा.

त्याची बहीण मैना फुलं वेचायला निघाली होती. मी तिच्याबरोबर झाडाखाली गेलो आणि बसून, फुलं टोपलीत टाकता टाकता, सगळं सांगितलं. कार्ड, हजेरी, पाणी, तीन ओळी. तिचा हात चालूच होता. शेवटच्या गोष्टीशी तो थांबला.

"तुम्हाले मालूम होतं का, तो घेत नव्हता?"

"हो."

तिनं टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, "चाळीस वर्स लागले का हो भाऊ, नागभीडहून इथी याले? यष्टी त् दुपारपावतर पोचते."

ती पुन्हा वेचू लागली आणि खाली बघतच बोलत राहिली. "घरी त्यानं कधी घेतली नाई. आमाले वाटे, त्याले आवडतच नाई. मंग तो कागद आला. मायले त्याच्या मरणाइतकंच ते लागलं. म्हणे, तिकडं पीत होता अन् आपल्या घरी मांगाले लाजला. शिकला म्हणून आपल्यापाशी लाजला. तवापासून नव्या मोहाच्या दारूची पह्यली धार निघाली का माय गेलेल्या माणसाइले देते, त्यात सगळ्यात भरून द्रोण त्याच्या नावाचा. दर साली. म्हणते, पे बापू, आता लाजू नको."

मी उठलो. "मी मायला सांगतो. आत्ताच."

"बसा खाली." ती मोठ्यानं बोलली नाही, पण मी बसलो. "का सांगसान? का तू चाळीस वर्स पोराच्या तोंडाले त्याले नको तेच लावलं? तुमचं हलकं होईन भाऊ. तिचं का होईन?"

"मग मी काय करू?"

"कागदावर लिवलं होतं ना? मंग कागदावरच पुसा. पेपरात द्या, पुस्तकात द्या, कुठीबी द्या. त्याचं नाव साफ करा. पण मायच्या कानात घालू नका. ती हाये तवरीक नाई."

म्हणून हा लेख. तिची माय या पानापर्यंत येणार नाही, आणि ज्यांनी तो कागद ऐकला त्यांची नातवंडं आता वाचू शकतात. त्यांनी वाचावं, फक्त माय आहे तोवर तिच्याजवळ बोलू नये.

मी लगेच निघणार होतो, पण त्याच दिवशी पहिली धार निघाली होती. दुपारी अंगणाच्या कोपऱ्यात जागा सारवली. मायनं एकेक नाव घेतलं, नवऱ्याचं, सासूचं, दिराचं, आणि द्रोणातून थेंब थेंब जमिनीवर सोडले. मग पळसपानांचा शेवटचा द्रोण काठोकाठ भरला आणि चाचपडत माझा हात शोधला.

"याचं तू टाक, बाबू. तू त्याचा दोस्त."

मी मैनाकडे पाहिलं. ती चुलीपाशी उभी होती. तिनं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. द्रोण माझ्या बोटांवरून सांडत होता. एक वाक्य माझ्या ओठांशी आलं होतं. या वेळी ते खरं वाक्य होतं, आणि ते बोलायचा हक्क मला नव्हता. मी वाकलो आणि द्रोण हळूहळू रिकामा केला. सारवलेल्या जमिनीवर ओल पसरली, कडेनं आत गेली, डाग उरला.

माय खाली बसली होती. तिनं तळहातानं ती ओल चाचपली आणि तिचा चेहरा उजळला.

"पाह्य," ती म्हणाली, "दोस्ताच्या हातून नाई लाजला."